रकान्याबाहेरचे डॉक्टर



परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे जी रांग लागते, ती आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल; काहींनी तीत उभे राहून दिवसही घालवले असतील. खिडकीतला मनुष्य नाव विचारतो, वय विचारतो आणि स्त्री की पुरुष हे मात्र बहुधा विचारीत नाही. तोंडाकडे पाहून लिहून टाकतो. त्या एका अक्षरावरून पुढे खाट कोणत्या वॉर्डात मिळायची, हे ठरते. ज्याच्या बाबतीत तोंडाकडे पाहून ठरवता येत नाही, किंवा ठरवलेले चुकते, त्याचे हाल काय होतात, हा प्रश्न जुना आहे. आज आम्ही त्याच्या पुढचा प्रश्न आपणांसमोर ठेवणार आहोत. असा मनुष्य खिडकीबाहेरच्या रांगेत उभा न राहता आतल्या डॉक्टरच्या खुर्चीवर बसला, तर काय होते? त्याचे काय होते, आणि वैद्यकाचे काय होते?

प्रथम शब्दाविषयी थोडे. ‘तृतीयपंथी’ हा शब्द आपल्या कानावरचा. पण तो उच्चारला की लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागणारी मंडळीच डोळ्यांसमोर येतात, आणि ते चित्र फार तोकडे आहे. जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टरने जे लिंग सांगितले, ते आपले नव्हे, हे ज्या माणसाला आतून स्पष्ट जाणवते, त्याला अलीकडे ‘पारलिंगी’ म्हणतात. अशी माणसे शाळामास्तर असतात, कारकून असतात, वकील असतात. आणि डॉक्टरही असतात.

आमच्या माहितीतले यातले सर्वांत जवळचे नाव याच परळचे आहे. डॉ. अक्सा शेख मुंबईत वाढल्या आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे के. ई. एम.च्याच आवारात, वैद्यक शिकल्या. या कॉलेजाची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या विषयाला अगदी लागून आहे. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईत वैद्यकीय शिक्षणाची मोठी संस्था म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि तेथील अध्यापकांच्या वरच्या जागा गोऱ्यांच्या. आपले लोक हुशार असले तरी खुर्ची मिळत नसे. तेव्हा परळचे कॉलेज उभारताना देणगीदारांनी अटच घातली की येथले अध्यापक हिंदीच असले पाहिजेत. कॉलेज १९२५ साली निघाले, रुग्णालय १९२६ साली, आणि पहिले अधिष्ठाता झाले डॉ. जीवराज मेहता. ज्यांना खुर्ची नाकारली जात होती, त्यांना ती मिळावी, हाच जिच्या स्थापनेतला एक हेतू, अशी ही संस्था आहे.

त्या आवारात डॉ. शेख शिकल्या, त्या वेळी त्यांना सर्व जग मुलगा समजत होते. आपल्या विद्यार्थिदशेविषयी त्या पुढे उघडपणे बोलल्या आहेत. मनात खोल निराशा होती, जीव देण्याचे विचार येत. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्या, तेव्हा आपल्याला जे होते आहे त्याला नाव आहे आणि वाटही आहे, हे त्यांना कळले. जो मुलगा किंवा मुलगी शरीररचनेच्या वर्गात माणसाचे एकूण एक हाड पाठ करीत आहे, त्याच मुलाला स्वतःच्या शरीराविषयी एक खरा शब्द त्या सगळ्या पुस्तकांत सापडू नये, याइतकी विपरीत गोष्ट आम्हांला दुसरी दिसत नाही.

पुढे त्यांनी सामुदायिक वैद्यकशास्त्र हा विषय घेतला. हा विषय आपल्याकडे थोडा उपेक्षितच. यात शस्त्रक्रिया नाही, मोठी फी नाही; वस्ती, पाणी, लसी, साथी, गरोदर बायका आणि कुपोषित मुले यांचा हिशोब ठेवण्याचे हे काम. मुंबईला मात्र याची किंमत कळायला हवी. १८९६ च्या प्लेगने या शहराला जे शिकवले, ते कुठल्याही बड्या सर्जनने शिकवले नसते. डॉ. शेख दिल्लीच्या हमदर्द वैद्यकीय संस्थेत हाच विषय शिकवू लागल्या, आणि तेथेच त्यांनी स्त्री म्हणून उघडपणे आपले आयुष्य उभे केले. २०२१ साली करोनाची लस आली, तेव्हा त्या संस्थेच्या लसीकरण केंद्राची सूत्रे त्यांच्या हाती होती. देशात असे केंद्र चालवणाऱ्या त्या पहिल्या पारलिंगी डॉक्टर, असे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले.

‘पहिली’ या विशेषणाचा आम्हांस फारसा मोह नाही. लसीकरणाच्या केंद्रावर प्रत्यक्ष काय घडते, ते अधिक महत्त्वाचे आहे. लस घ्यायची तर ओळखपत्र लागे. ओळखपत्रावर जुने नाव, जुना फोटो, आणि समोर उभी असलेली व्यक्ती वेगळी. रांगेतले लोक वळून पाहू लागतात, नोंद करणारा गोंधळतो, मोठ्याने नाव पुकारतो. आणि ती व्यक्ती लस न घेताच परत फिरते. सरकारी आकड्यांत पुरुष, स्त्रिया आणि ‘इतर’ असे तीन रकाने होते. तिसऱ्या रकान्यातला आकडा लहान का राहिला, याचे उत्तर आकड्यांत सापडत नाही. ते केंद्राच्या दारात सापडते, आणि दारातली ती अडचण जिने स्वतः सोसली आहे तिच्या ती लवकर ध्यानात येते. डॉ. शेख यांनी ह्यूमन सॉलिडॅरिटी फाउंडेशन ही संस्थाही काढली आहे, आणि व्याख्यानांतून, लेखांतून त्या डॉक्टरांना हेच समजावीत आल्या आहेत.

आता परळहून दूर जाऊ, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू परदेशातील एका मज्जाविकारतज्ज्ञाने जितकी स्पष्ट दाखवली, तितकी आमच्या पाहण्यात दुसऱ्या कोणी दाखवलेली नाही. त्यांचे नाव डॉ. बेन बॅरेस. जन्म १३ सप्टेंबर १९५४ चा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातला. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झाली. आपण मुलगा आहोत हे त्यांना अगदी लहानपणापासून वाटे, पण ते कोणाला सांगायचे आणि कोणत्या शब्दांत, हे त्या काळी माहीत नव्हते.

एम. आय. टी. या नामांकित संस्थेत ते शिकत असताना एकदा गणिताचा फार अवघड प्रश्न परीक्षेत आला. वर्ग मोठा, जवळजवळ सगळे मुलगे. तो प्रश्न या एकट्या ‘मुली’ने सोडवला. प्राध्यापकांनी शाबासकी दिली नाही. तुझ्या मित्राने सोडवून दिला असेल, असे म्हणाले. पुढे हार्वर्डमध्ये संशोधन करीत असताना एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. चांगल्या दर्जाचे सहा निबंध प्रसिद्ध झालेले होते. शिष्यवृत्ती मिळाली ती एकच निबंध असलेल्या पुरुष उमेदवाराला. या गोष्टी त्या त्या वेळी बॅरेस यांनी फारशा मनावर घेतल्या नाहीत. त्यांचा अर्थ पुढे लागायचा होता.

१९७९ साली डार्टमथला वैद्यकीची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला मज्जाविकारांचे डॉक्टर झाले. आपल्याकडेही मज्जाविकारशास्त्राची जुनी परंपरा आहे, के. ई. एम.मध्ये डॉ. एडी भरुचा आणि जे. जे.मध्ये डॉ. नोशीर वाडिया यांनी ते शास्त्र मुंबईत रुजवले. पण या शास्त्राचे एक जुने दुखणे असे की, निदान अचूक व्हावे आणि उपाय हाताशी नसावा. मेंदूत बिघाड कोठे आहे हे डॉक्टर बोट ठेवून सांगणार, आणि घरच्यांनी ‘मग आता काय?’ म्हणून विचारले की गप्प बसणार. हे बॅरेस यांना पटेना. मेंदू बिघडतो कसा, हेच मुळापासून शोधावे म्हणून रुग्णालय सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. हार्वर्डमध्ये डॉक्टरेट, लंडनमध्ये मार्टिन रॅफ यांच्याकडे उमेदवारी, आणि १९९३ पासून कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला स्वतःची प्रयोगशाळा.

त्यांनी काय शोधले, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. नाहीतर एका मोठ्या शास्त्रज्ञाला केवळ त्याच्या लिंगबदलाची हकीकत म्हणून मांडल्याचा दोष आमच्याकडे येईल. मेंदूत चेतापेशी असतात, त्या संदेश नेतात, हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्या जोडीला दुसऱ्याही पेशी फार मोठ्या संख्येने असतात. त्यांना ग्लिया म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ गोंद. गोंद म्हणून नाव पडले आणि गोंद म्हणूनच त्यांना वागवले गेले. लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हा पाहुणे आले की त्यांना माग दाखवीत. मागांना तेल देणारा, कचरा काढणारा, तुटलेला धागा सांधणारा यांच्याकडे कोणी पाहत नसे. ती माणसे एक दिवस आली नाहीत तर मागाचे काय होईल, हे मात्र जॉबरला ठाऊक असे. मेंदूच्या शास्त्रात असा जॉबर बराच काळ नव्हता.

बॅरेस यांनी उंदराच्या डोळ्यातील चेतापेशी अगदी निवडून, निर्भेळ अशा वेगळ्या केल्या आणि काचेच्या बशीत एकट्याच वाढवल्या. त्या जगल्या, पण एकमेकींशी जोड करीनात. त्यांच्या शेजारी ग्लिया ठेवल्याबरोबर जोड कित्येक पटींनी वाढले. पुढे २००५ साली हे जोड घडवणारे एक द्रव्यही सापडले. २००७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत बेथ स्टीव्हन्स यांनी दाखवले की, रोगजंतूंवर खूण करून त्यांना नष्ट करायला लावणारी रक्तातली प्रथिने मेंदूतही असतात आणि वाढीच्या वयात नको असलेले जोड छाटायला मदत करतात. आणि २०१७ साली, मृत्यूच्या वर्षी, त्यांच्या गटाने सिद्ध केले की, ग्लियांपैकी ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशी एका विशिष्ट अवस्थेत गेल्या की शेजारच्या चेतापेशींना मारू लागतात. आणि अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या रोगांनी गेलेल्यांच्या मेंदूत या पेशी आढळतात. ‘मग आता काय?’ या प्रश्नाला ज्या दिशेने उत्तर शोधायचे, ती दिशा अशी दिसू लागली.

हे काम चालू असताना १९९५ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेने स्तन काढले, तेव्हा दुःखापेक्षा सुटका झाल्यासारखे वाटले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. १९९७ साली एका पारलिंगी पुरुषाविषयी वृत्तपत्रात आलेला लेख वाचनात आला आणि चाळीस वर्षे ज्याला नाव नव्हते त्याला नाव मिळाले. आपली नोकरी, विद्यार्थी, संशोधनाचा पैसा सगळे जाईल या भीतीने त्यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहिले: मी यापुढे बेन. कोणी काही हिरावून घेतले नाही. तेच हात, तीच सूक्ष्मदर्शके, तेच प्रयोग चालू राहिले.

आणि मग ती गंमत झाली. एका ठिकाणी बॅरेस यांनी व्याख्यान दिले. ते ऐकून कोणी विद्वान आपल्या शेजाऱ्याला म्हणाले की, आज बॅरेसचे भाषण फार उत्तम झाले, याचे काम याच्या बहिणीपेक्षा पुष्कळच सरस आहे. ती ‘बहीण’ म्हणजे पूर्वीचे बॅरेसच. तो निबंध आणि हा निबंध एकाच डोक्यातून निघाला होता. मधे बदलले ते फक्त निबंधावरचे नाव. स्त्री म्हणून जे मिळत नव्हते, ते पुरुष झाल्याबरोबर न मागता मिळू लागले. मधेच कोणी तोडल्यावाचून आपले वाक्य पुरे करता येऊ लागले, असे त्यांनी लिहिले आहे. तेव्हा एम. आय. टी.चा प्राध्यापक आणि ती शिष्यवृत्ती यांचा अर्थ त्यांना लागला.

सज्जनहो, शास्त्रीय प्रयोगात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे असते. स्त्रीची बुद्धी कमी धरली जाते की नाही, या वादात असा प्रयोग करणार कसा? बॅरेस यांच्या आयुष्यात तो आपोआप घडला. २००५ साली हार्वर्डच्या अध्यक्षांनी असे सुचवले की, विज्ञानात वरच्या जागी स्त्रिया कमी असण्यात जन्मजात बुद्धीच्या फरकाचा वाटा असू शकेल. तेव्हा गप्प बसणे बॅरेस यांना अशक्य झाले. २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी सविस्तर उत्तर दिले. अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेने २००४ साली एक मोठे नवे पारितोषिक काढले होते. नऊच्या नऊ मानकरी पुरुष, आणि चौसष्ट परीक्षकांपैकी साठ पुरुष. बॅरेस आणि इतरांनी त्यावर आवाज उठवला, निवडीची रीत बदलली, आणि पुढच्या वर्षी तेरांपैकी सहा स्त्रिया निघाल्या. एका वर्षात स्त्रियांचा मेंदू काही सुधारला नव्हता.

२०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. उघडपणे पारलिंगी असलेले ते तेथले पहिलेच. २७ डिसेंबर २०१७ रोजी कर्करोगानेच ते गेले, वय ६३. जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगतो. या मनुष्याला चेहरे ओळखता येत नसत. तो एक मेंदूचाच दोष आहे. आवाजावरून, चालण्यावरून ते माणसे ओळखीत. तोंडाकडे पाहून रकाना भरणाऱ्यांच्या जगात हा असा एक डॉक्टर होऊन गेला!

कोणी म्हणेल, डॉक्टर स्त्री आहे, पुरुष आहे की आणखी कोणी, याच्याशी रोग्याला काय कर्तव्य? औषध बरोबर दिले म्हणजे झाले. तत्त्व म्हणून हे आम्हांला मान्य आहे. परंतु मुंबईचाच इतिहास वेगळे सांगतो. एडिथ पेची या इंग्रज विद्यार्थिनीने १८७० साली एडिंबरोला रसायनाच्या परीक्षेत वरचा क्रमांक मिळवला, आणि ती स्त्री म्हणून तिची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली. बॅरेस यांची गोष्ट, शंभरांहून अधिक वर्षे आधी! हीच बाई डॉक्टर होऊन १८८३ साली मुंबईस आली, आणि १८८६ साली उघडलेल्या कामा रुग्णालयाचा कारभार तिने पाहिला. पुरुष डॉक्टरपुढे तोंड न उघडणाऱ्या बायका तेथे येऊ लागल्या. त्यांचे रोग काही नवे नव्हते. ते आता सांगितले जाऊ लागले, इतकेच.

त्या कामा रुग्णालयाच्या जवळच गोकुळदास तेजपाल रुग्णालय आहे. तेथे २०२३ च्या फेब्रुवारीत पारलिंगी रोग्यांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला. याविषयी आमचे मन थोडे द्विधा आहे. पुरुषांच्या वॉर्डात टाकलेल्या बाईची जी कुचंबणा होते, ती अशा कक्षाने टळते, ही मोठीच गोष्ट. पण ज्याचा पाय मोडला आहे त्याला अस्थिविभागाचा डॉक्टर हवा, आणि तो विभाग वरच्या मजल्यावर असेल तर तेथेही त्याला माणसासारखे वागवले पाहिजे. निराळी खोली दिली म्हणजे बाकीच्या खोल्यांची जबाबदारी संपली, असे होता कामा नये. कामा रुग्णालय निघाले म्हणून इतर रुग्णालयांनी बायकांना दारातून परत पाठवले नाही.

आता पुस्तकांविषयी. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीय लिंगाला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या नव्या रोगसूचीत पारलिंगी असणे मानसिक रोगांच्या प्रकरणातून काढून टाकले; ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण आपल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांना याचा पत्ता नव्हता. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या माणसांची गाठ पडे ती विकृती आणि गुन्हे यांच्या प्रकरणात. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या पारलिंगी डॉक्टरने अभ्यासक्रमातील अशा दोषांचा अहवाल लिहिला. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी हा विषय हाती घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कॉलेजांना व ग्रंथकारांना असा मजकूर टाळण्यास कळवले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने आणखी सांगितले की, अशा माणसांना ‘बरे’ करण्याचे इलाज करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. लालबागच्या एखाद्या चाळीतले आईबाप घाबरून मुलाला डॉक्टरकडे नेतात, तेव्हा डॉक्टर काय बोलतो यावर त्या मुलाचे जगणे अवलंबून असते. म्हणून या आज्ञेचे मोल आम्ही फार मानतो.

ही लढाई जिंकली असे समजून स्वस्थ बसलेल्यांना २०२४ च्या ३१ ऑगस्टला धक्का बसला. त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्री-स्त्री संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत येऊन बसले होते! डॉ. शेख यांच्यासह अनेक डॉक्टरांनी ओरड केली. पाच सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला आणि आठवड्याभरात सुधारून निघाला. पुस्तकातले वाक्य खोडणे किती कठीण असते, हे मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली या शहरात संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना खटले सोसावे लागले. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. शरीराविषयी खरे ते छापा, एवढेच कर्वे म्हणत होते.

परळच्या त्या कॉलेजात अलीकडे दरवर्षी अडीचशे नवी मुले एम. बी. बी. एस.साठी येतात. नवी पुस्तके महाग, म्हणून पुष्कळ जण वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुनी घेतात, आणि त्यांनी ती त्यांच्या वरच्यांकडून घेतलेली असतात. नव्या आवृत्तीत एखादे वाक्य सुधारले, तरी अशा हातोहात फिरणाऱ्या जुन्या प्रतींत ते पूर्वीसारखेच राहते. निदान कॉलेजांच्या ग्रंथालयांनी जुन्या आवृत्त्यांच्या पहिल्या पानावर दुरुस्तीचा एक छापील कागद चिकटवावा, अशी आमची सूचना आहे. तिला खर्च येतो तो कागदाचा आणि खळीचा.